बरणीतला घरजावई

मी समुद्र मांडीवर घेऊन वरंधा घाट चढलेली बाई आहे. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात आणि मला आणखीच चेव येतो. थट्टा नाही, खराखुरा समुद्र होता. चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, आणि दर वळणाला माझ्या लुगड्यावर हिंदकळणारा. तळाशी चिखल, चिखलात एक अळी, आणि त्या अळीच्या घरात आयते राहणारे दोन झिंगे. आमचं बिऱ्हाड भोरला राहणार की साताऱ्याला जाणार, हे त्या दोन झिंग्यांपायी ठरलं असं मी म्हणते. आमचे हे शेवटपर्यंत म्हणत की असं काही सिद्ध होत नाही.

माझे वडील भोर संस्थानात वकिली करत. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आवाज असा की ओसरीवर खोकले तरी नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना कळावं. मी त्यांची एकुलती एक, त्यामुळे लाडावलेली आणि तोंडाळ. आमचे हे शाळेत शास्त्र शिकवायला आले होते. गाव श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीकाठी. मुंबईच्या कॉलेजात प्राण्यांचं शास्त्र शिकले आणि नोकरी मिळाली ती भोरला, जिथे समुद्राचा म्हणून जो काही संबंध, तो बाजारात सुकट घेऊन बसणाऱ्या बाईपुरता. आमचं लग्न झालं तेव्हा ते भाड्याच्या खोलीत राहत. पहिल्याच पावसाळ्यात ती खोली अशी गळली की आम्ही छत्री उघडून जेवलो. मला त्याचं इतकं हसू यायचं की घास खाली जात नसे. आप्पा एकदा बघायला आले, दारातूनच परतले आणि तासाभरानं बैलगाडी पाठवली. आमच्या घराचं मागचं दालन रिकामंच होतं. तिथे आम्ही राहायला आलो.

आणि आठ दिवसांत ह्यांचं बारसं झालं. गावात त्यांना मास्तर म्हणेनात. वकिलांचे घरजावई म्हणू लागले.

ह्यांनी तो शब्द फार मनाला लावून घेतला. बोलत काही नसत, पण जेवायला बसले की दिसायचं. पानात पहिल्यांदा पडेल तेवढं खायचं. आई भाताचं भांडं घेऊन पुढे आली की ह्यांचा पंजा पानावर आडवा. "पुरे." आमटी? "पुरे." आमच्याकडे जावयाला आग्रह करकरून वाढायची रीत, आणि माझी आई त्या कलेत गावात पहिली. तिची बिचारीची पळी हवेतच राहायची. "तुझा नवरा माझ्याशी एकच शब्द बोलतो गं," ती मला म्हणायची. "पुरे. मागून घेतलेलं मी अजून ऐकलं नाही." पोट भरत नसे हे मला माहीत होतं, कारण खोलीत डब्यातले शेंगदाणे संपायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात साताऱ्याच्या एका शाळेनं ह्यांना बोलावलं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत होकार द्यायचा होता. मला जायचं नव्हतं, हे सरळच सांगते. मला आप्पांच्या आरडाओरड्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे, आणि ह्यांच्याशिवाय तर काहीच नको असे. दोन्ही हवं होतं. हट्टी होते ना! मी आईला साताऱ्याचं सांगितलं, आईनं आप्पांना सांगितलं, आणि मग घरात कुणीच त्याबद्दल चकार शब्द काढेना.

मे महिन्यात आम्ही ह्यांच्या गावी गेलो. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि मला वेडच लागलं. हे आत जाऊ नको म्हणत असताना मी गेले, लाट डोक्यावरून गेली आणि घोटभर समुद्र पोटात. बाहेर येऊन मी खोकत होते, हसत होते, आणि पुन्हा जाऊ का म्हणून विचारत होते. ती चव माझ्या जिभेवर कायमची बसली. पुढे तीच कामाला आली.

ओहोटीला हे मला खाडीच्या चिखलात घेऊन गेले. मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, ते धोतराचा काच्या मारून. चिखलभर भोकं होती. "ह्याच्याखाली घरं आहेत," म्हणाले. तो माणूस घरात एक शब्द बोलत नसे, आणि चिखलात उभा राहिल्यावर थांबेना. फावड्यानं एक मोठं ढेकूळ अलगद उचलून त्यांनी ते दुभंगलं. आत गुळगुळीत बोगदा. त्यात बोटाएवढी, जाड, भुरकी, पिशवीसारखी अळी. आणि तिच्या अंगाला लागून दोन झिंगे, नखाएवढे, इतके पारदर्शक की डोळे तेवढे दिसत होते.

"ही अळी बीळ खणते," हे म्हणाले. "आत पाणी ओढून घेते, त्यातलं खाते. हे झिंगे काही खणत नाहीत. तिच्याकडे राहतात आणि तिचं सांडलेलं-उरलेलं खातात. बाहेर सगळा समुद्र पडलाय, पण ह्यांना दुसऱ्याचंच घर लागतं."

माझ्या तोंडाशी एक शब्द आला. मी ओठ असे घट्ट मिटले की गाल फुगले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हण की," ते म्हणाले. "घरजावई."

आणि आम्ही दोघं हसलो. मी जास्त हसले. ते हसता हसता त्या झिंग्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आप्पांना दाखवायचे." का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, साताऱ्याला जाताना ह्यांना काहीतरी बोलायचंय, आणि ते ह्यांना माणसांच्या भाषेत बोलता येत नाहीये.

असा तो समुद्र बरणीत आला. महाडपर्यंत आम्ही तो कसाबसा आणला, आणि तिथून भोरच्या मोटारीत तो माझ्या मांडीवर बसला. शेजारी हिर्डोशीकडची एक शेतकरीण होती, कडेवर कोंबडी घेऊन. घाट लागला तशी बरणी डुचमळायला लागली, आणि दर वळणाला मी "अगं बाई!" म्हणून ओरडायची.

"लोनचं हाय व्हय, बाय?" तिनं विचारलं.

"नाही हो, समुद्र आहे."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांनी मान डोलावली. "आसंल, आसंल," ती समजुतीनं म्हणाली आणि कोंबडी दुसऱ्या कडेवर घेतली. मला हसू असं फुटलं की उरलासुरला समुद्रही सांडायचा. ह्यांनी दोन्ही हातांनी बरणी धरली, मी ह्यांचा दंड धरला, आणि आम्ही तसेच घाट चढलो.

वर संस्थानच्या नाक्यावर मोटार थांबली. त्या दिवसांत मीठ म्हटलं की सरकारी माणसाचे कान टवकारत. शिपाई आत डोकावला. "बाई, त्या बरनीत काय हाय?"

"समुद्राचं पाणी."

"म्हंजी खारं?"

"समुद्र तो. गोड कुठून असणार?"

शिपाई विचारात पडला. खारं म्हणजे मीठ, आणि मीठ म्हणजे भानगड. "उगडा," म्हणाला. ह्यांनी फडकं सोडलं. त्यानं आत पाहिलं. चिखल, गढूळ पाणी, आणि खाडीचा तो वास, दिवसभर मोटारीत तापलेला. त्यानं नाक धरलं आणि शेतकरणीला विचारलं, "मावशे, ह्ये काय गं?"

"समिंदर हाय म्हनत्यात," ती शांतपणे म्हणाली. "बांध त्ये फडकं आन् जाऊ दे. माजी कोंबडी बेसूद व्हईल."

मोटार सुटली तेव्हा मी पदरात तोंड घालून रडेपर्यंत हसत होते.

घरी आल्यावर ह्यांनी शाळेतली उंच काचेची बरणी आणली. सगळा चिखल तिच्यात अलगद बसवला, वर समुद्र. दोन दिवस नुसता गढूळपणा. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर अळीनं काचेला लागूनच बीळ केलेलं, आणि बाहेरून तिचा संसार सबंध दिसत होता. दोन्ही झिंगे तिच्या पाठीशी, मिशा हलवत.

आईनं बरणी माजघराच्या खिडकीत ठेवायला परवानगी दिली ती एका अटीवर: स्वयंपाकघराचा उंबरा त्या प्राण्यांनी ओलांडायचा नाही. ते कसे ओलांडणार हे मी विचारल्यावर मला पाठीत धपाटा मिळाला. हे रोज सकाळी पळीनं वरचं पाणी घेऊन उंचावरून परत ओतत, म्हणजे त्यात हवा मिसळे, आणि उन्हानं आटेल तेवढं विहिरीचं पाणी घालत.

आप्पांनी चष्मा लावला, बरणीसमोर पाट मांडला आणि बैठक मारली. ह्यांनी सगळं समजावून सांगितलं. आप्पांचे डोळे चमकायला लागले.

"म्हणजे हा तर कज्जाच आहे! वादी अळी. प्रतिवादी झिंगा. जागा वादीनं स्वतः खणलेली. प्रतिवादीची वहिवाट मान्य आहे?"

"मान्य," हे म्हणाले. ह्यांनाही रंग चढला होता.

"अळीला त्रास देतो? चावतो? तिचं अन्न पळवतो?"

"नाही. उरलेलंच खातो."

"मग प्रश्न एकच. मोबदल्यात देतो काय?"

आप्पांनी ते कोर्टातल्या सवयीनं विचारलं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. खोट्यानं सांगायला ह्यांचं काय जात होतं? राखण करतो म्हणायचं, साफसफाई करतो म्हणायचं. कोण तपासायला जाणार होतं! पण आमचे हे म्हणजे एक नंबरचे सरळ.

"काही नाही," ते म्हणाले. "निदान अजून कुणाला काही दिसलेलं नाही."

 आई स्वयंपाकघराच्या दारात भांडं पुसत होती, ती थांबली. मला इतका राग आला, आप्पांचा, ह्यांचा, आणि त्या पारदर्शक झिंग्यांचाही, की मी उठून विहिरीवर गेले. मागून आप्पांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू: "पुरावा अपुरा आहे. कज्जा तहकूब."

त्या दिवसापासून आप्पांनी बरणीचा ताबा घेतला. पक्षकार ओसरीवर ताटकळायचे आणि वकीलसाहेब आत काचेला नाक लावून. झिंगा काहीतरी देत असणारच, आणि ते आपल्याला सापडणारच, असा त्यांचा निश्चय. "आज डाव्यानं अळीची पाठ झाडली!" ते ओरडायचे. हे येऊन बघायचे आणि म्हणायचे, "नाही, तो फक्त वळला." आप्पा हिरमुसायचे, पुन्हा बसायचे. जावयासमोर सासऱ्याला जे म्हणता येत नाही, ते हा माणूस झिंग्याकडून वदवून घेऊ पाहत होता. मला ते कळत होतं, आणि मला आप्पांच्या टकलावर हात फिरवावासा वाटायचा.

मे संपत आला. एका दुपारी हे कोट-टोपी घालून निघाले. "हेडमास्तरांच्या कानावर घालून येतो," मला म्हणाले, "मग साताऱ्याला होकार कळवतो."  बोलले असते तर रडले असते, आणि मला रडलेलं आवडत नाही. निघायच्या घाईत बरणीत पाणी घालायचं राहिलं.

ते आप्पांच्या लक्षात आलं. पाणी चांगलं दोन बोटं खाली गेलेलं. आई मागच्या दारी गहू वाळवत होती, मी तिच्याजवळ. आप्पांनी विचार केला: पाणी आटलं आहे, पाणी खारं आहे, तर खारंच पाणी घालायला हवं. आयुष्यात कधी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेले आमचे आप्पा आत गेले, आणि तिथे त्यांना खारं पाणी आयतंच सापडलं. आईनं त्याच आठवड्यात मिठाच्या पाण्यात कैऱ्या घातल्या होत्या. वर्षभर टिकायच्या म्हणून मीठ सढळ हातानं, आणि चिमूट हळद. आप्पांनी त्यातलं तांब्याभर पाणी समुद्रात ओतलं.

मग जी आरोळी उठली ती भाटघरच्या धरणापर्यंत गेली असेल.

"अगं, धावा! घर सोडून चाललेत!"

मी धावले. मला आधी वाटलं, आमच्याबद्दलच ओरडताहेत. बरणी पिवळसर झाली होती, आणि दोन्ही झिंगे बिळातून बाहेर येऊन पाण्याच्या वरच्या थरात उड्या मारत होते. अळीचा पत्ता नव्हता, बिळाचं तोंड मिटलेलं. आप्पांच्या हातात तांब्या, चेहरा पांढराफटक. "मी फक्त भर घातली," ते म्हणत होते, "मी फक्त भर घातली!"

आईनं तांब्याचा वास घेतला आणि तिला सगळं कळलं. तिनं कपाळाला हात लावला नाही, ओरडली नाही. आमटी खारट झाली तर जे करायचं तेच तिनं केलं. पळीनं वरचं पिवळं पाणी भराभर काढून टाकलं, आत जाऊन देवाच्या पाण्याची घागर उचलून आणली आणि त्यातलं पाणी बरणीत सोडायला लागली. ज्या घागरीवर माझी सावली पडलेली तिला चालत नसे, तीच!

"थांब! किती घालायचं?" आप्पा म्हणाले. "समुद्र खारट किती असतो?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात समुद्र प्यालेली एकटी मीच होते. मी पळी बुडवली आणि तोंडाला लावली. हळद, चिखल, कैरी, आणि सगळ्यावर मीठ. "फारच!" म्हणून मी थुंकले. आईनं आणखी पाणी घातलं. पुन्हा पळी. "अजून!" पुन्हा पाणी. माझी जीभ मिठानं बधिर झाली, आता मला अमृत आणि समुद्र ह्यांतला फरक कळेना. "आप्पा, तुम्ही बघा! आमटीपेक्षा पुष्कळ जास्त, लोणच्यापेक्षा कमी!" जन्मात मासळीच्या बाजाराकडून न गेलेल्या आप्पांनी डोळे मिटून झिंग्यांचं पाणी जिभेवर घेतलं. "लोणच्याकडे झुकतंय," म्हणाले, आणि पळी आईपुढे धरली. आईनं देवघराकडे पाहिलं, एकदा हात जोडले आणि पळी तोंडाला लावली.

आणि त्याच क्षणी दारात हे उभे.

त्यांना काय दिसलं ते डोळ्यांपुढे आणा. सासूबाई देवाची घागर काखेत घेऊन चिखलाचं पाणी चाखताहेत. सासरे जीभ बाहेर काढून उभे. बायकोच्या लुगड्यावर हळदीचे डाग, आणि ती विचारतेय, "आई, अजून एक पळी घालू का?"

"हेडमास्तर झोपले होते," हे म्हणाले. "उठवा म्हणायला जीव होईना." एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की आम्ही काय करतो आहोत. त्यांनी टोपी काढली, आईच्या हातातून पळी घेतली आणि चव पाहिली. आम्ही तिघंही निकालासाठी उभे.

"अजून वाटीभर," ते म्हणाले. आईनं वाटीभर ओतलं. त्यांनी पुन्हा चाखलं. "जमलं. आमची खाडी." आणि मग त्यांना हसू फुटलं. मी त्या माणसाला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते खाली बसले, आप्पा त्यांच्या शेजारी बसले, आणि सासरे-जावई एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई लाजून पदर तोंडाला लावत होती आणि तिचेही खांदे हलत होते.

हसणं थांबलं आणि आप्पा एकदम ताठ झाले. "जावईबापू! पुरावा मिळाला!"

"कसला?"

"अळी आत मिटून बसली होती. ती मेली असती तर मला काय कळणार होतं? हे दोघं बाहेर येऊन नाचले, म्हणून मी ओरडलो. म्हणून ती वाचली! काय देतो म्हणे! अहो, तो असला की घरातलं कळतं. तो नसला तर आत मिटलेलं माणूस मिटल्या जागी संपेल, आणि बाहेर कुणाला पत्ता नाही!"

शेवटी त्यांचा आवाज फाटला. अळीबद्दल बोलताना एवढा आवाज फाटत नाही, हे आम्हां चौघांनाही कळलं.

"एका घटनेवरून सिद्ध होत नाही," हे हळूच म्हणाले.

"तुमच्या शास्त्रात नसेल. आमच्या कोर्टात डोळ्यांदेखतचा एक साक्षीदार पुरतो."

संध्याकाळपर्यंत आम्ही बरणीसमोर बसलो. दिवे लागायच्या सुमाराला बिळाचं तोंड उघडलं आणि पाणी आत ओढलं जाऊ लागलं. एक झिंगा काचेवरून खाली उतरला, दारात क्षणभर थांबला आणि आत गेला. मागून दुसरा. आप्पांनी इतक्या मोठ्यानं टाळी वाजवली की शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं.

मग पानं मांडली. साताऱ्याचा विषय कुणी काढला नाही. ह्यांनी पहिला भात संपवला. आई भांडं घेऊन पुढे आली आणि सवयीनं दोन पावलं अलीकडेच थांबली. ह्यांचा हात पानावर आडवा आला नाही. त्यांनी वर पाहिलं.

"सासूबाई," ते म्हणाले, "भात वाढा अजून. आणि ती खारातली कैरी आहे ना, तीही द्या. भूक लागलीय."

आई वाढत राहिली. तिला थांबायचं सुचेना, आणि हे काही पुरे म्हणेनात.